बेरीज पुढच्या पानावर का पळते

बेळगावात शहापूरला आमचं डीटीपीचं दुकान आहे. उन्हाळ्यात लग्नपत्रिका, मग इंजिनिअरिंगच्या पोरांचे प्रोजेक्ट रिपोर्ट आणि ऑगस्ट उजाडला की पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, असं आमचं वर्षाचं पीकपाणी. त्यातल्या अहवालांनी मला तक्ता म्हणजे काय चीज असते ते शिकवलं.

काही वर्षांपूर्वी एका सोसायटीचा अहवाल माझ्याकडून छापून गेला. ताळेबंदाची देणी बाजू पान ११ वर अगदी देखणी बसली होती. फक्त ‘एकूण’ ही शेवटची ओळ पान १२ वर गेली होती, एका सराफाच्या जाहिरातीच्या डोक्यावर. वार्षिक सभेत एक म्हातारे सभासद चष्मा वर करून उभे राहिले आणि म्हणाले, “आकडे समदे हाईत, बेरीज कुठं घालवलासा?” सभागृह हसलं. सेक्रेटरी हसले नाहीत. चूक माझीच होती. प्रूफ मंजूर झाल्यावर वरच्या भागात एक ओळ वाढवायला सांगितली होती, ती मी वाढवली आणि खाली काय झालं ते पाहिलंच नाही.

असं का होतं? परिच्छेद म्हणजे पोत्यातले तांदूळ. पान संपलं की तिथं तोंड बांधायचं, उरलेले दुसऱ्या पोत्यात. वाचणाऱ्याला काही फरक पडत नाही. तक्ता म्हणजे लोखंडी कपाट. जिन्यात ते अडकलं तर दोनच मार्ग: मोठी जागा मिळेपर्यंत बाजूला उभं करून ठेवायचं, नाहीतर कप्पे काढून तुकड्या-तुकड्यानं वर न्यायचं. पान जुळवण्याच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये तक्त्याविषयी जेवढी म्हणून बटणं आणि आज्ञा असतात, त्या सगळ्या शेवटी या दोन मार्गांच्याच असतात. गोंधळ होतो तो आपण कुठला मार्ग धरलाय हे न ठरवता ढकलाढकली केल्यामुळे.

माझे वडील खिळ्यांच्या, म्हणजे धातूची सुटी अक्षरं हातानं जुळवण्याच्या छापखान्यात जुळारी होते. तक्ता जुळवायचा म्हणजे उभ्या रेघांसाठी पितळी पट्ट्या, मध्ये खिळे, आणि एक आकडा इकडचा तिकडे झाला की सगळा रकाना उसवायचा. तक्ता जुळवून झाला की ते त्याला भोवतीनं दोरा गुंडाळत आणि तो ठोकळा बाजूला सरकवून ठेवत. पान लावताना जिथं जागा असेल तिथं, शक्यतो पानाच्या डोक्यावर, तो ठोकळा बसे आणि मजकूर त्याच्या खालून वाहे. संगणकाच्या भाषेत आज ज्याला तरंगता तक्ता म्हणतात, तो म्हणजे वडिलांचा हा दोऱ्यानं बांधलेला ठोकळा. नवीन काही नाही.

वर्डमधली तीन बटणं, आणि एंटरचं व्यसन

बहुतेकांचं काम वर्डमध्ये चालतं म्हणून तिथून सुरुवात करतो. आपल्या जिल्ह्याचंच उदाहरण घ्या. बेळगाव जिल्ह्याचे तालुके पूर्वी दहा होते: बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, अथणी, रायबाग, गोकाक, सौंदत्ती, बैलहोंगल, रामदुर्ग. एका संस्थेच्या पुस्तिकेत तालुकावार शाखांचा तक्ता होता. पानाच्या तळाला शीर्षकाची ओळ आणि दहा ओळी बरोब्बर बसायच्या. पुढं निपाणी, कागवाड, कित्तूर, मूडलगी हे तालुके नव्यानं झाले, ओळी वाढल्या आणि शेपूट पुढच्या पानावर गेलं. कुणीतरी उपाय केला: तक्त्याच्या वर भराभर एंटर दाबून सगळा तक्ता पुढच्या पानावर ढकलला. त्या वर्षी काम भागलं. पुढच्या वर्षी वरचा एक परिच्छेद गाळला, आणि तक्ता पानाच्या मधोमध, डोक्यावर रिकाम्या ओळींचं टक्कल घेऊन उभा.

एंटर म्हणजे त्या दिवसापुरती ढकलगाडी. नियम सांगितला तर मजकूर बदलला तरी तो टिकतो. वर्डमध्ये तक्त्यासाठी कामाचे नियम तीन.

पहिला, तक्ता निवडून टेबल प्रॉपर्टीजमध्ये ‘रो’च्या कप्प्यात जा. तिथं ‘अलाऊ रो टू ब्रेक अक्रॉस पेजेस’ असं एक खूण करायचं चौकोन असतं. ते सुरू असेल तर एकाच ओळीचा अर्धा मजकूर या पानावर आणि अर्धा त्या पानावर जाऊ शकतो. पत्ता इकडे आणि पिनकोड तिकडे, असं दिसलं की समजायचं ही खूण काढायची राहिली. एखाद्या रकान्यात अर्धं पान भरेल एवढा मजकूर असेल तरच ती ठेवावी.

दुसरा नियम शीर्षकाचा. त्याच कप्प्यात ‘रिपीट अ‍ॅज हेडर रो’ आहे. पहिली ओळ निवडून ही खूण केली की तक्ता दहा पानं चालला तरी प्रत्येक पानावर शीर्षक आपोआप येतं. लोक येऊन म्हणतात, खूण केलीय तरी येत नाही. तेव्हा दोनच कारणं पाहायची. एकतर तक्त्याभोवती मजकूर गुंडाळण्याची सोय चालू असते. ती बंद करून तक्ता सरळ मजकुराच्या रांगेत घ्यायचा. नाहीतर कुणीतरी तक्त्याच्या मध्ये हातानं पान तोडलेलं असतं. पान आपोआप तुटलं तरच वर्ड शीर्षक पुन्हा देतं, हातानं तोडलं तर देत नाही.

तिसरा नियम माझ्या लाजेचा: ‘कीप विथ नेक्स्ट’. हा खरं तर परिच्छेदाचा नियम आहे, पण तक्त्याच्या ओळीतल्या मजकुराला लावला की ती ओळ पुढच्या ओळीचा हात सोडत नाही. ‘एकूण’च्या आधीच्या दोन-तीन ओळींना हा लावला असता तर माझी बेरीज एकटी पळाली नसती, जाताना निदान सोबत घेऊन गेली असती. अख्खा तक्ता एका पानावर हवा असेल तर शेवटची ओळ सोडून बाकी सगळ्या ओळींना लावायचा. शेवटच्या ओळीलाही लावलात तर तक्ता खालच्या परिच्छेदाशी बांधला जातो आणि मग दोघं मिळून पुढच्या पानावर जातात. तक्ता मुळातच पानापेक्षा मोठा असेल तर मात्र या नियमाचा काही उपयोग नाही, तो तुटणारच.

तक्त्याच्या वरचं नाव, म्हणजे ‘तक्ता ३: शाखावार ठेवी’ ही ओळ, तिलाही हाच नियम लावायचा. पानाच्या तळाला नुसतं नाव आणि तक्ता पलीकडे, हे मुंडावळ्या इथं आणि नवरा वरातीत असं दिसतं.

लिबरऑफिस वापरणाऱ्यांना हेच सगळं तक्त्याच्या गुणधर्मांतल्या ‘टेक्स्ट फ्लो’ या कप्प्यात मिळेल. तिथं तक्ता तोडायचा की नाही याला एकच खूण पुरते, वर्डपेक्षा सरळ काम आहे.

दोन लिप्यांच्या ओळी

आता जरा आमच्या भागापुरतं. इथं पुष्कळ तक्ते दोन भाषांत लागतात, एका रकान्यात कन्नड, शेजारी मराठी. ओळीची उंची ठरते ती त्या ओळीतल्या सगळ्यांत उंच मजकुरावरून. कन्नड जोडाक्षरात दुसरं अक्षर पहिल्याच्या खाली लोंबतं. आपल्या मराठीत डोक्यावर गर्दी: ‘मूर्तींची’ या शब्दातल्या तकारावर रफार, वेलांटी आणि अनुस्वार तिघं बसलेत. म्हणजे एक लिपी खाली जागा मागते, दुसरी वर. नुसत्या मराठी तक्त्यात तीस ओळी बसत असतील तर दोन लिप्यांच्या तक्त्यात त्याच अक्षराच्या मापाला तेवढ्या बसत नाहीत. पानांचा अंदाज देताना मी हे धरतोच.

यावर काहीजण ओळींमधलं अंतर ‘एक्झॅक्टली’वर नेऊन आवळतात. ओळी सारख्या होतात खऱ्या, पण रफारांची डोकी उडतात. ‘अ‍ॅट लीस्ट’ ठेवावं. ओळ किमान तेवढी राहते आणि गरज पडली तर वाढते.

दुसरं म्हणजे फॉन्ट. तुमच्या घरच्या संगणकावर ज्या फॉन्टात फाइल केली तो माझ्याकडे नसेल तर वर्ड गुपचूप दुसरा फॉन्ट घेतं, त्याची अक्षरं जराशी रुंद असतात, एका रकान्यातला एक शब्द खालच्या ओळीत जातो आणि पुढची वीस पानं सरकतात. “घरी बरोबर दिसत होतं की हो” हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. ते खरंच बरोबर दिसत असतं. वर्डच्या फाइलीत पान कुठं संपतं ते लिहून ठेवलेलं नसतं. ज्या संगणकावर ती उघडते तिथले फॉन्ट आणि प्रिंटर पाहून ते दरवेळी नव्यानं ठरतं. म्हणून तपासायला पाठवायची ती पीडीएफ, फॉन्ट आत बसवलेली.

आणि अक्षर बारीक करणं. त्या बेरजेच्या प्रकरणानंतरच्या वर्षी मी त्याच सोसायटीचा ताळेबंद साडेआठ पॉइंटात घालून एका पानात कोंबला. तेच काका पुन्हा उठले: “बेरीज घावली, खरं दिसंना झालीया.” त्यानंतर मी देणी डाव्या पानावर आणि येणी समोरच्या उजव्या पानावर घेतो, अकरा पॉइंटात. अहवाल उघडला की दोन्ही बाजू समोरासमोर. ताळेबंद तसाच वाचायचा असतो, मला ते सुचायला दोन सभा लागल्या.

तक्ता हितंच ठेवलोय की

माझा भाचा इथंच इंजिनिअरिंगला आहे. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आमच्या बेळगावात, १९९८ पासून, त्यामुळे प्रोजेक्ट रिपोर्टची कटकट घराघरांत पोचलेली. त्याच्या गाइडनी रिपोर्ट लॅटेकमध्ये, म्हणजे मजकुरात आज्ञा लिहून पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये करायला सांगितला. एका रात्री लॅपटॉप घेऊन आला. “मामा, मी टेबल हितंच ठेवलोय, बघा की. पीडीएफ काढलो तर तीन पानं पुढं जाऊन बसलंय.”

लॅटेक ज्याच्या पायावर उभं आहे ते टेक नावाचं सॉफ्टवेअर डोनाल्ड क्नुथ या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञानं लिहिलं. १९७७ साली आपल्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं पाहून तो इतका वैतागला की अक्षरजुळणीची सोयच स्वतः करायला बसला. त्यावर लेस्ली लॅम्पोर्टनं १९८० च्या दशकात सोपा थर चढवला, ते लॅटेक. वर्डमध्ये आपण तक्ता ठेवतो. लॅटेकमध्ये आपण तक्त्यासाठी अर्ज करतो. भाच्याला हा फरक कुणी सांगितलाच नव्हता.

त्यातही नावांचा घोळ आहे. लॅटेकमध्ये रकाने आणि ओळी ज्यात लिहितात ते ‘टॅब्युलर’, आणि त्याच्या बाहेर जे वेष्टन असतं ते ‘टेबल’. टॅब्युलर म्हणजे कपाट, टेबल म्हणजे कपाट ठेवलेली हातगाडी. नुसतं टॅब्युलर लिहिलं तर तो तक्ता लिहिलाय तिथंच राहतो, एखाद्या भल्यामोठ्या अक्षरासारखा. हातगाडीवर चढवला की तो तरंगायला लागतो, त्याला नाव आणि क्रमांक देता येतो, आणि जागा लॅटेक ठरवतं.

जागेसाठी आपण चार अक्षरांत परवानगी द्यायची. एच म्हणजे इथं, टी म्हणजे पानाच्या डोक्यावर, बी म्हणजे तळाला, पी म्हणजे फक्त तक्ते-चित्रांच्या वेगळ्या पानावर. काहीच लिहिलं नाही तर टी, बी, पी एवढं धरलं जातं. ‘इथं’ त्यात नाहीच. भाच्यानं काही लिहिलं नव्हतं. अक्षरांचा क्रम कसाही लिहा, लॅटेक आपल्याच ठरलेल्या क्रमानं विचारतं, म्हणून एच पहिलं लिहून त्याला भाव चढत नाही.

परवानगी असली तरी वर कायदे आहेत. डोक्यावरच्या तक्त्यांनी मिळून पानाचा ७० टक्क्यांपेक्षा जास्त भाग खायचा नाही, तळाच्यांनी ३० टक्के. मजकुराला निदान २० टक्के जागा सोडायची. डोक्यावर जास्तीत जास्त दोन, तळाला एक, एका पानावर एकूण तीन. नुसत्या तक्त्यांचं पान करायचं तर ते निदान अर्धं भरलं पाहिजे. हे आकडे बदलता येतात, पण मुळात असेच असतात.

आता पेच बघा. तुमचा तक्ता पानाच्या ७५ टक्के उंच आहे आणि तुम्ही परवानगी दिलीय फक्त टी. डोक्यावर तो मावत नाही, कारण मर्यादा ७०. वेगळ्या पानाला परवानगी नाही. म्हणजे त्याला कुठंच जागा नाही, तो रांगेत उभा राहतो. आणि लॅटेक तक्त्यांचा क्रम कधी मोडत नाही, तक्ता ५ हा तक्ता ४ च्या आधी येऊ शकत नाही. हंगामात निपाणी-चिकोडीच्या बाजूला अरुंद रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत पुढं असला की मागं काय होतं ते आपण सगळे जाणतो. मोटारसायकलवाल्यालासुद्धा वाट नाही. तसं मागचे सगळे छोटे तक्ते अडतात आणि प्रकरणाच्या शेवटी एकदम बाहेर पडतात. भाच्याच्या रिपोर्टात हेच झालं होतं. मोठ्या तक्त्याला पी जोडलं आणि सगळी वाट मोकळी झाली. रांग फारच लांबली तर लॅटेक कामच थांबवतं. पूर्वी १८ तक्ते-चित्रं अडली की थांबायचं, २०१५ पासून ही मर्यादा ५२ झाली.

अक्षरांबरोबर उद्गारचिन्ह लिहिलं तर टक्केवारीचे आणि संख्येचे बहुतेक कायदे त्या तक्त्यापुरते सैल होतात. ‘प्लेसइन्स’ नावाचं पॅकेज (लॅटेकला लावायचा जोडभाग) घेतलं तर ‘फ्लोटबॅरिअर’ ही आज्ञा मिळते. ती म्हणजे चेकपोस्ट, आधीचा कुठलाही तक्ता तिच्या पलीकडे जाऊ शकत नाही. ‘क्लिअरपेज’ रांगेतले सगळे तक्ते छापून मगच नवं पान सुरू करते. ‘न्यूपेज’ फक्त पान बदलते, रांग तशीच राहते. या दोघींत गल्लत नको.

आणि मोठं एच. ‘फ्लोट’ पॅकेजमधल्या या एका अक्षरानं तक्ता लिहिलाय तिथंच खिळतो. पोरांना हे सापडलं की प्रत्येक तक्त्याला लावत सुटतात. मग जागा नसेल तेव्हा तक्ता तसाच्या तसा पुढच्या पानावर जातो आणि मागं अर्धं पान मोकळं. मी ते फार तर एखाद्या चार ओळींच्या तक्त्याला लावतो, ज्याच्याशिवाय वाक्यच पुरं होत नाही.

लॅटेकचा एक दोष त्याच्या जन्मापासूनचा आहे. परिच्छेदाच्या ओळी तोडताना ते अख्खा परिच्छेद एकदम पाहतं आणि सगळ्यांत चांगली तोड निवडतं. पानं तोडताना मात्र एकेक पान करत पुढं जातं, मागं वळून बघत नाही. त्या काळच्या संगणकाच्या स्मृतीत बरीच पानं एकदम मावत नसत, म्हणून क्नुथनं तसं केलं. क्नुथचा विद्यार्थी मायकेल प्लास यानं १९८१ च्या प्रबंधात हेही दाखवलं की चित्रं-तक्ते पानांवर सर्वोत्तम बसवण्याचा प्रश्न काही निकषांनी इतका अवघड आहे की त्याला झटपट सुटणारी रीत सापडणं जवळजवळ अशक्य. त्यामुळे तक्ता मनासारखा बसला नाही तर स्वतःला फार दोष देऊ नका.

सहाशे सभासदांची यादी असेल तर हातगाडीचा काही उपयोग नाही, कपाटाचे कप्पेच काढायचे. त्यासाठी ‘लाँगटेबल’. तो तरंगत नाही, जिथं लिहाल तिथं सुरू होतो आणि पानं ओलांडत चालतो. पहिल्या पानाचं शीर्षक, पुढच्या पानांवरचं शीर्षक, पानाच्या तळाची ओळ आणि अगदी शेवटची ओळ ही चारही वेगवेगळी देता येतात. म्हणजे तळाला ‘पुढील पानावर’ आणि वर ‘मागील पानावरून पुढे’, आपल्या जुन्या वह्यांसारखं. फाइल दोन-तीनदा चालवावी लागते, कारण रकान्यांची रुंदी ते आधीच्या फेरीतून शिकतं. पहिल्या फेरीत रकाने वाकडेतिकडे दिसले म्हणून घाबरू नये. ओळ संपवणाऱ्या दोन तिरक्या रेघांपुढे तारांकन दिलं की त्या ओळीनंतर पान तुटत नाही. ‘एकूण’च्या आधीच्या ओळीला ते न विसरता द्यायचं.

‘खालील तक्ता’ खाली नसतो

भाच्याच्या रिपोर्टात दहा ठिकाणी ‘खालील तक्त्यात दाखवल्याप्रमाणे’ होतं, इंग्रजीत. आपल्या मराठी अहवालांत तर ‘तपशील खालीलप्रमाणे’ हे श्वासासारखं येतं. तक्ता तरंगायला लागला की हे वाक्य खोटं ठरतं, कारण तो वर असेल, समोरच्या पानावर असेल, कुठंही असेल. क्रमांक द्या आणि ‘तक्ता ४ पाहा’ म्हणा. तो क्रमांकही हातानं लिहू नका. वर्डमध्ये ‘क्रॉस रेफरन्स’ आणि लॅटेकमध्ये ‘लेबल’ आणि ‘रेफ’ यांची जोडी ते सांभाळते. मध्ये नवा तक्ता घुसला तर पुढचे सगळे क्रमांक सुधारतात; वर्डमध्ये त्यासाठी सगळा मजकूर निवडून एफ ९ दाबायचं एवढं लक्षात ठेवा.

सेक्रेटरींना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “अहो, पण खालीलप्रमाणे म्हटल्याशिवाय अहवाल वाटत नाही.” खरं आहे. मग जिथं तक्ता तीन-चार ओळींचा आहे आणि वाक्याखालीच चिकटून राहणार आहे, तिथं ‘खालीलप्रमाणे’ ठेवतो आणि वाक्याला ‘कीप विथ नेक्स्ट’ लावतो. बाकी सगळीकडे क्रमांक.

पानांची ही सगळी जुळणी मजकूर पक्का झाल्यावरच करायची. अर्धवट मजकुरात तक्ते जागेवर बसवणं म्हणजे भिंती उभ्या राहायच्या आधी कपाटाला जागा शोधणं. शेवटी पानांची संख्या मोजायची, कारण मधोमध पिना मारायच्या अहवालाला पानं चारच्या पटीत लागतात. ३३ झाली तर ३६ धरावी लागतात आणि तीन पानांसाठी जाहिराती शोधाव्या लागतात. ते तेहेतिसावं पान पुष्कळदा कोरं असतं. तक्ता अगदी शेवटी असला की वर्ड त्याच्या खाली एक रिकामा परिच्छेद ठेवतंच, तो पुसता येत नाही, आणि पान भरलेलं असलं की तो एकटा पुढच्या पानावर जाऊन बसतो. त्याच्यावर जाऊन अक्षराचं माप एक पॉइंट करा आणि वरखालचं अंतर शून्य करा. पानं ३२ होतात.